कंपासपेटीच्या झाकणाआड

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा कार्यवाहांनी आत्ताच घेतला आणि माझ्यापेक्षा चांगला घेतला. त्याची पुनरुक्ती करून मी आपला वेळ घेणार नाही. माझ्या वाट्याची वीस-पंचवीस मिनिटे मी एका पत्रासाठी वापरणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ४३ पालकांच्या सह्यांचे एक पत्र माझ्याकडे आले. निमित्त आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नववीतील दोन मुले जादा तासाचे कारण सांगून घरातून निघाली आणि एका तेलुगू चित्रपटाच्या सकाळच्या पहिल्या खेळाला जाऊन बसली. पत्रात तीन मागण्या आहेत. शाळेत मोबाइल आणण्यावरची बंदी अधिक कडक करावी, ही पहिली. नटांसारखे केस राखणाऱ्या मुलांना घरी परत पाठवावे आणि वह्या-दप्तरांवरची नटनट्यांची, गायकांची, खेळाडूंची चित्रे काढायला लावावीत, ही दुसरी. आणि या महोत्सवी वर्षाच्या स्नेहसंमेलनातून चित्रपटगीते संपूर्णपणे वगळावीत, ही तिसरी. पत्रात राग कमी आहे आणि काळजी अधिक आहे. म्हणूनच त्याचे उत्तर कार्यालयीन दोन ओळींत देण्याऐवजी सर्वांसमोर द्यावे, असे मला वाटले.

सह्यांवरून नजर फिरवताना मला थोडे हसू आले, त्याबद्दल क्षमा असावी. सही करणाऱ्यांपैकी नऊ जण याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत आणि त्यांतले काही माझ्या वर्गात होते. १९९६-९७ साली त्यांच्या कंपासपेटीच्या झाकणाआड कोणाकोणाची चित्रे चिकटवलेली असत, ते मला आठवते. एकाच्या पेटीत सचिन तेंडुलकर होता आणि गणिताच्या पेपरापूर्वी त्याला नमस्कार केल्यावाचून हा विद्यार्थी पेन उघडत नसे. एकीच्या पेटीत माधुरी दीक्षित होती. नावे सांगत नाही. दोघेही आज येथे आपापल्या मुलांसह बसले आहेत आणि दोघांचेही उत्तम चालले आहे.

एखाद्या कलावंतावर, खेळाडूवर जीव टाकणे ही मोबाइलने आणलेली नवी व्याधी आहे, असा समज पत्रात दिसतो. आपल्याच घराचा इतिहास काही वेगळे सांगतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आणि त्यांचे नेसणे, दागिने, केशरचना यांची नक्कल सुशिक्षित घरांतल्या स्त्रिया करीत. स्त्रीने कसे दिसावे हे एका पुरुषाने दाखवावे आणि उभ्या महाराष्ट्रातील माताभगिनींनी ते उचलावे, यापेक्षा मोठे चाहतेपण ते कोणते? साधना यांच्या कपाळावर उतरणाऱ्या बटांची केशरचना १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’नंतर देशभरच्या मुलींनी केली. आणि महात्मा गांधींनी तर आत्मकथेत लिहूनच ठेवले आहे की, लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाने त्यांना झपाटून टाकले होते. ते पुन्हा पुन्हा पाहण्याची मुभा मिळेना, तेव्हा मनातल्या मनात ते हरिश्चंद्र होऊन त्याचे असंख्य प्रयोग करीत राहिले. मोहनदास नावाचा तो मुलगा आज आपल्या शाळेत असता, तर त्याच्या वहीवर कोणाचे चित्र असते, हे सांगायला नको. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने पुढे याच गांधीजींवर ‘गांधीज ट्रुथ’ हा ग्रंथ लिहिला, तो १९६९ साली. ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच किशोरवयाचे मुख्य काम, असे एरिक्सन यांचे प्रतिपादन होते. त्या शोधात मूल कधी मामासारखे चालून पाहते, कधी बाईंसारखे अक्षर काढून पाहते आणि कधी पडद्यावरच्या कोणासारखे केस वळवून पाहते. अंगावर कपडा घालून आरशात पाहावे, तशी ती दुसऱ्याची ओळख मूल घालून पाहत असते. बरेचदा तो कपडा आपोआप लहान होतो आणि कोठीत जातो.

या संदर्भात मला झुमरीतलैया हे गाव फार आवडते. झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यातले हे अभ्रकाच्या खाणींचे गाव. रेडिओ सिलोनचा आणि पुढे विविध भारतीचा फर्माइशी कार्यक्रम लागला की निवेदक नावे वाचू लागत आणि त्यांत हटकून ‘झुमरीतलैया से’ अशी चार-दोन नावे असत. आमच्या लहानपणी कित्येकांना ते गाव खोटे वाटे. कोणी तरी गमतीने रचलेले. गाव खरे होते आणि तिथली माणसे अक्षरशः ढिगांनी पत्रे पाठवीत. कोणाची चिठ्ठी वाचली जाते यावरून तिथे ईर्ष्या चाले, श्रोत्यांची मंडळे निघाली. नकाशावर सहजी न सापडणाऱ्या गावातल्या माणसाला आपले नाव आकाशातून ऐकू यावे असे वाटले, यात मला काही वावगे दिसत नाही. ‘मीही आहे’ हे जगाला कळवण्याची ती धडपड होती. पण तिचा वेग पाहा. गाणे आवडायचे, पोस्टकार्ड आणायचे, सुवाच्य अक्षरात लिहायचे, पेटीत टाकायचे आणि मग आठवडा-दोन आठवडे वाट पाहायची. त्या मधल्या दिवसांत माणूस आपली कामे करीत असे. तो वेग आज हरवला आहे. त्याकडे मी येतेच.

त्याआधी आपल्या सोलापूरविषयी थोडे बोलते, कारण हा विषय इथे इतर शहरांपेक्षा जरा वेगळ्या रंगाचा आहे. आपल्या शाळेत मराठी माध्यम असले तरी वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. पूर्व भागातल्या, यंत्रमागावर आणि विडीवर चाललेल्या घरांतली ही मुले मराठी शिकतात, मराठीतून परीक्षा देतात आणि घरची भाषा दारातच ठेवून येतात. ‘पुष्पा’ २०२१ च्या अखेरीस आला, त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. आठवीत एक मुलगा होता. आई विड्या वळायची, वडील मागावर. दोन वर्षांत त्याने वर्गात स्वतःहून तोंड उघडल्याचे कोणाला आठवत नव्हते. मराठी बोलताना हेल निघतो आणि मुले हसतात, ही त्याची भीती. त्या वर्षी अचानक मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती घोळका जमू लागला. मुलांना मूळ तेलुगू संवाद हवे होते आणि त्यांचा अर्थ हवा होता, आणि वर्गात तो सांगू शकणारा हा एकटाच. जी भाषा त्याला ओझे वाटत होती तीच त्याचे भांडवल झाली. ‘आरआरआर’मधल्या ‘नाटू नाटू’ला मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले, त्या दिवशी तर तो परिपाठात उभा राहून चार वाक्ये बोलला, मराठीत, हेलासकट. कोणी हसले नाही. त्याच्या वहीवर त्या नटाचे चित्र होते. ते काढून टाक असे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहावी लागते. तेलुगू प्रांतात नटांच्या चाहत्यांचे गट पुष्कळदा जातींच्या रेषांवर पडतात, हे तिथली माणसेच सांगतात. गेल्या वर्षी आपल्या नववीत दोन नटांवरून भांडण लागले. पहिल्या दिवशी कोणाच्या चित्रपटाने अधिक कोटी मिळवले यावर वाद झाला, दुसऱ्या दिवशी ढकलाढकली झाली. तिसऱ्या दिवशी भांडणातून नटांची नावे गळाली आणि मुलांची आडनावे आली. तेव्हा मात्र मी दोन्हीकडच्या पालकांना बोलावून घेतले. आजही सांगते, त्या बाबतीत या शाळेत सवलत नाही.

आता वेगाकडे वळते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली एक निबंध लिहिला. दूरचित्रवाणी तेव्हा घरोघर पोचू लागली होती. पडद्यावरचा माणूस थेट आपल्या डोळ्यांत पाहून बोलतो, त्यामुळे पाहणाऱ्याला तो आपला स्नेही वाटू लागतो. वस्तुतः त्याला आपले नावही ठाऊक नसते. अशा एकतर्फी जवळिकीचे त्यांनी वर्णन केले. आपण हे ‘रामायण’ मालिकेच्या वेळी पाहिले आहे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, कित्येक घरांत दूरचित्रवाणी संचाला हार घालीत आणि अरुण गोविल समोर आले की लोक पाया पडत. पण ती मालिका आठवड्यातून एकदा लागे. खेळ संपला की संच बंद, आणि बंद संचाला आपण घरात आहोत की नाही याची फिकीर नसे.

मुलांच्या हातातल्या फोनला ती फिकीर आहे. आवडता गायक जेवताना, झोपण्यापूर्वी, विमानतळावरून थेट बोलतो. तो बोलला की फोन थरथरतो. आपण दोन दिवस फिरकलो नाही तर फोन बोलावणे धाडतो. शिवाय चाहत्यावर कर्तव्ये येतात. ही कर्तव्ये मला आपल्याच मुलींनी समजावून सांगितली, म्हणून तपशिलाने सांगते. नवे गाणे आले की पहिल्या चोवीस तासांत ते किती वेळा पाहिले गेले याचा आकडा जाहीर होतो आणि तो आकडा मोठा करणे हे निष्ठेचे लक्षण मानले जाते. मग रात्री आवाज बंद करून फोन उशीखाली ठेवायचा आणि गाणे पुन्हा पुन्हा चालू ठेवायचे. मध्येच जाग आली की चालले आहे ना, ते पाहायचे. गाणे कोणीच ऐकत नाही! दहावीतल्या एका मुलीला मी विचारले, “अगं, ऐकत नाहीस तर चालवतेस कशाला?” ती शांतपणे म्हणाली, “बाई, सगळे चालवतात. मी नाही चालवलं तर मी खरी फॅन नाही.” झुमरीतलैयाच्या श्रोत्याने गाणे ऐकण्यासाठी पत्र लिहिले होते. या मुलीची झोप गेली आणि गाणेही गेले. उरला तो एक आकडा आणि तो दुसऱ्याच्या धंद्याचा.

चेहऱ्याचेही तसेच. पूर्वीची नटी पडद्यावर सुंदर दिसे ते मोठ्या पडद्यावर, वर्षातून दोनदा. आता सुंदर चेहरा दिवसाला दोनशे वेळा समोर येतो आणि त्याच फोनच्या कॅमेऱ्यात लगेच स्वतःचाही येतो. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून देणाऱ्या मुली आठवीपासून दिसू लागल्या आहेत. मुले व्यायामशाळेबाहेरच्या दुकानातून पावडरींचे डबे आणतात. वर्गशिक्षिकांना मी सांगून ठेवले आहे की, डबा कोण खात नाही याकडे प्रगतिपुस्तकाइतकेच लक्ष द्यावे.

आणि प्रेमाचा द्वेष किती लवकर होतो! २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात आपला संघ पाकिस्तानकडून हरला, तेव्हा मोहम्मद शमी यांना समाजमाध्यमांवर काय काय ऐकावे लागले ते आपण वाचले आहे. त्यांची बाजू घेणाऱ्या विराट कोहली यांच्या अवघ्या दहा महिन्यांच्या मुलीला धमकी देण्यापर्यंत मजल गेली. हैदराबादहून ज्याला अटक झाली तो तेवीस वर्षांचा, उच्चशिक्षित तरुण होता. निकालाच्या टक्केवारीने याचा बंदोबस्त होत नाही, एवढेच मी म्हणते.

मुख्य गोष्ट अजून सांगायची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यात तीन मुलींचे अपहरण झाल्याचा दूरध्वनी पोलिसांकडे गेला. एक मुलगी ११ वर्षांची, दोघी १३ वर्षांच्या. शोध घेता त्या मुली पुण्याच्या एस.टी.त सापडल्या आणि मोहोळच्या स्थानकावर त्यांना उतरवून घेण्यात आले. अपहरणाचा बनाव त्यांनीच रचला होता. पुण्याला जाऊन काम करायचे, पैसे साठवायचे आणि दक्षिण कोरियात जाऊन बीटीएस या गायकवृंदाला भेटायचे, असा त्यांचा बेत होता. त्याच वर्षाच्या आरंभी तामिळनाडूतील करूर जिल्ह्याच्या तीन शाळकरी मुलीही अशाच कोरियाला निघाल्या होत्या. विशाखापट्टणमहून जहाज मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. दोन राज्ये, दोन भाषा, आणि ध्यास एकच.

उमरग्याहून पुण्याला जाणारा रस्ता आपल्या सोलापुरावरूनच जातो. ती बातमी वाचून शिक्षकखोलीत हशा पिकला, आणि तो स्वाभाविक होता. मला मात्र त्या बेताची मांडणी पुन्हा पुन्हा आठवत राहिली. कोणी पैसे देईल, अशी त्यांची अपेक्षा नव्हती; आधी काम करायचे, मग जायचे, असा क्रम होता. अकरा-तेरा वर्षांच्या वयात एवढा निर्धार, एवढी एकजूट. त्या घरांविषयी मी बोलत नाही. आपल्या वर्गांतल्या मुलींना मात्र मी विचारले, “तुम्ही कोणाच्या चाहत्या आहात हे घरी कोणाला माहीत आहे?” तीस मुलींच्या वर्गात चार हात वर आले. बाकीच्यांचे म्हणणे असे की, घरी सांगितले तर ‘त्या चिनी पोरांत काय पाहतेस’ असे ऐकावे लागते. ते चिनी नाहीत, कोरियन आहेत, हे त्या कितीदा तरी सांगून थकल्या आहेत. मुलीच्या मनातला सर्वांत मोठा उत्साह आणि घरातला सर्वांत मोठा उपहास एकाच जागी यावा, आणि मग मुलीने मनातले बेत आपल्याला सांगावेत, ही अपेक्षा थोडी जास्तच आहे.

याच वृंदाच्या भारतातील चाहत्यांनी २०२१ च्या करोना लाटेत आपसांत वर्गणी काढून मदतकार्यासाठी लाखो रुपये उभे केले. आपल्या शाळेतल्या दोघी त्या गाण्यांपायी कोरियन लिपी शिकल्या. हंगुल तिचे नाव. त्यांपैकी एकीने मला माझे नाव त्या लिपीत लिहून दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परकीय भाषांत कोरियनचे नाव घेतले आहे, हे मी तिला सांगितले तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिला वाटत होते की, हे सगळे अभ्यासाच्या विरुद्ध बाजूला आहे.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. अमक्यावर प्रेम करणे मुलाला काही करायला लावते, की फक्त पाहायला आणि मोजायला लावते? लिपी शिकणारी मुलगी आणि उशीखाली फोन चालू ठेवणारी मुलगी एकाच गायकाच्या चाहत्या आहेत. कधी कधी तर ती एकच मुलगी असते. म्हणून चित्र कोणाचे आहे, हे पाहून मला निर्णय करता येत नाही.

गेल्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला. सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी सहावी-सातवीच्या अकरा मुली माझ्या खोलीसमोर उभ्या. “बाई, आम्हालाही टीम पाहिजे.” स्मृती मंधाना सांगलीची, म्हणजे जवळजवळ घरचीच, असा त्यांचा दावा! पण त्या स्पर्धेतली मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट उपान्त्य सामन्यानंतरची आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणाऱ्या जेमिमा रॉड्रिग्ज यांनी त्या दिवशी पत्रकारांसमोर सांगितले की, या स्पर्धेच्या काळात त्या तीव्र चिंतेतून जात होत्या, रोज रडत होत्या आणि सहकारी मैत्रिणींनी त्यांना सावरले. त्यानंतरच्या आठवड्यात दहावीच्या एका मुलीने समुपदेशक बाईंकडे स्वतःहून वेळ मागितली. “जेमी रडली तर मीपण सांगू शकते,” असे तिचे वाक्य होते. आमच्या दहा सूचनाफलकांनी जे साधले नव्हते, ते एका खेळाडूच्या अश्रूंनी साधले. चाहतेपणाला सरसकट शत्रू ठरवले, तर ही वाटही बंद होईल.

ज्या गर्दीची आपल्याला भीती वाटते ती भीती मात्र पूर्णपणे रास्त आहे. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या एका चित्रपटगृहात ‘पुष्पा २’च्या आदल्या रात्रीच्या खेळाला मुलासह आलेली एक आई चेंगराचेंगरीत गेली आणि तो लहान मुलगा गंभीर जखमी झाला. ४ जून २०२५ ला बंगळूरुच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण गेले, त्यांत एक शाळकरी मुलगीही होती. सप्टेंबरात करूर येथे राजकारणात उतरलेल्या नटाच्या सभेत ४१ जण गेले. या तिन्ही ठिकाणी गेलेली माणसे वेडी नव्हती. गर्दी किती जमते यावर ज्यांचे मोठेपण आणि उत्पन्न ठरते, त्यांनी ती जमवली आणि दारे मोजली नाहीत. आपल्या मुलांना मी हे नकाशा काढून शिकवणार आहे: बाहेर पडायची वाट आधी पाहा, मग आत जा. नागरिकशास्त्राच्या तासाला याहून उपयुक्त धडा मला सुचत नाही.

आणखी एक गोष्ट, पुरुष पालकांसाठी विशेष. क्रिकेटच्या प्रेमाआड पैसे लावून संघ बनवण्याचे जे खेळ फोनवर चालत, त्यांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यात बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे घालवले आहेत. कायदा झाला म्हणजे सवय मोडली, असे समजू नये. वडिलांच्या फोनवर तो खेळ मुलाने पाहिलेला असतो.

आता पत्राचे उत्तर.

मोबाइलविषयीची मागणी मला मान्य आहे. बंदी होतीच, यापुढे सापडलेला फोन पालकांनाच परत मिळेल आणि तो न्यायला पालकांनी स्वतः यावे लागेल. घरीही रात्री दहानंतर सर्वांचे फोन एका जागी ठेवावेत, अशी विनंती करते. सर्वांचे म्हणजे आपलेही.

केस आणि चित्रे यांची मागणी मी अमान्य करीत आहे. केस स्वच्छ आणि डोळ्यांवर न येणारे असावेत, एवढाच नियम राहील. केसांपायी मुलाला घरी पाठवले तर तो घरी जाईलच, याची हमी कोण देणार? वहीवरच्या चित्रांना शाळेची हरकत नाही. उलट दर शनिवारी शेवटच्या तासाला दोन मुलांनी वर्गासमोर उभे राहून आपल्या आवडत्या कलावंताविषयी पाच मिनिटे बोलायचे आहे, मराठीत: तो कोठून आला, काम कसे शिकला, त्याच्यामागे राबणारी माणसे कोण, आणि त्याचे काय पटत नाही. हा शेवटचा मुद्दा सक्तीचा. परवा एका मुलाने रजनीकांतवर बोलताना सांगितले की, हा नट बंगळूरुच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड आणि आधी बसवाहक होता. वर्गातल्या एका एस.टी. वाहकाच्या मुलीने पुढचे तीन दिवस मान वर करून शाळेत प्रवेश केला, असे तिच्या वर्गशिक्षकांचे निरीक्षण आहे.

स्नेहसंमेलनात चित्रपटगीते राहतील. मात्र ध्वनिमुद्रित गाण्यावर केवळ नाचणे यंदा बंद. गाणे मुलांनी गायचे, मुलांनीच वाजवायचे आणि निवेदनात गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे सांगायची. सुराला कमी-जास्त झाले तर होऊ द्यावे. तेलुगू, कन्नड, उर्दू गाणी चालतील. अर्थ मराठीत सांगायचा. एका चमूने कोरियन गाणे मागितले आहे. त्याला मी होकार दिला आहे, तेव्हा त्या दिवशी पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कृपया दचकू नये.

ती दोन मुले ज्या खेळाला गेली त्याविषयी त्यांच्या पालकांशी माझे बोलणे झाले आहे. खोटे बोलल्याची शिक्षा त्यांना झाली, चित्रपट पाहिल्याची नाही.

पालकांकडे एकच मागणे. या आठवड्यात एक संध्याकाळ मुलाशेजारी बसून म्हणावे, “तुला जो आवडतो तो मला दाखव.” अर्धा तास पाहावे. हसू नये आणि ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी वाक्य सुरू करू नये. ज्या घरी मूल झोपत नाही, जेवत नाही, बोलत नाही असे झाले असेल, त्यांनी मात्र अर्ध्या तासावर थांबू नये. आपल्या समुपदेशक बाई मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेत असतात. त्याशिवाय केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि अहोरात्र आहे, मराठीतही आहे. हा क्रमांक उद्यापासून प्रत्येक दैनंदिनीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला मिळेल.

माजी विद्यार्थ्यांनो, आपण महोत्सवासाठी देणगी विचारलीत, म्हणून स्पष्टच सांगते. कमानीसाठी पैसे जमले आहेत. मुलींच्या संघाला सरावाची जाळी, चार बॅटी, पॅड, यष्टिरक्षणाचे हातमोजे आणि एक प्रशिक्षक हवा आहे. संगीतखोलीतल्या एका पेटीचा भाता फाटला आहे आणि ढोलकीला शाई भरायची आहे. आपल्यापैकी कोणी कोरियन शिकले असल्यास त्या दोघी वाट पाहत आहेत. मुलींचा सराव सोमवारपासून सकाळी साडेसहाला, मागच्या मैदानावर. त्यांना अंधारात एकटे यावे लागू नये म्हणून सोबतीला येणाऱ्या पालकांची यादी कार्यालयात ठेवली आहे. अकरा मुलींसाठी आतापर्यंत सात नावे आली आहेत.